जुना पीसी भंगारात काढण्यापूर्वी : कोणती प्रणाली कशावर चालते आणि कुठे अडते

जुना_बोर्ड

नमस्कार मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून "आता हा पीसी टाकायचा का?" हा प्रश्न तीन-चार धाग्यांत विखुरला आहे. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा.

एक विनंती. प्रश्न विचारताना "डेलचा जुना लॅपटॉप आहे" एवढंच लिहू नका. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, चिपसेट (बोर्डावरची मुख्य जोडचिप), रॅम किती आणि कोणती (डीडीआर२ की ३), ग्राफिक्स आणि वाय-फायची चिप लिहा. सपोर्ट एका दिवसात जात नाही, थराथरानं जातो. तळाला प्रोसेसरच्या सूचना (त्याला कळणाऱ्या मूळ आज्ञा), त्यावर बायोस किंवा यूईएफआय (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम), त्यावर ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे प्रोग्राम), मग ब्राउझर, आणि सगळ्यात वर सर्टिफिकेटं (साइटची ओळख पटवणारे डिजिटल दाखले). वरचा थर निसटला असेल तर इलाज फुकटात होतो. तळाचा निसटला असेल तर प्रणालीच (ऑपरेटिंग सिस्टिम) बदलावी लागते. पीसी टाकायचा की ठेवायचा, हे नेमका कुठला थर गेलाय त्यावर ठरतं.

कर्नलवाला

धाग्याबद्दल आभार. प्रोसेसरपासून सुरू करतो, कारण तिथे कुठलीही युक्ती चालत नाही.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती (१ ऑक्टोबर २०२४) एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचनांशिवाय बूटच होत नाही. कोर २ ड्युओ आणि कोर २ क्वाडमध्ये या नाहीत. ४५ नॅनोमीटरचे नंतरचे कोर २ सुद्धा एसएसई ४.१ वर थांबतात. एएमडीच्या फेनममध्ये पॉपसीएनटी आहे, पण एसएसई ४.२ नाही, म्हणून तेही बाद. २३एच२ पर्यंत टीपीएमची (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी चिप) तपासणी चुकवून कोर २ वर विंडोज ११ चालवता येत होतं, तो रस्ता आता बंद आहे. पहिल्या पिढीच्या आय३-आय५ पासून पुढे मात्र या सूचना आहेत.

असं पूर्वीही झालंय. मार्च २०१८ च्या अपडेटनंतर विंडोज ७ एसएसई२ नसलेल्या पेन्टियम ३ वर कोसळू लागलं. मायक्रोसॉफ्टनं आधी दुरुस्ती देऊ म्हटलं, आणि काही महिन्यांनी सल्ला बदलून प्रोसेसर बदला असं लिहिलं. विंडोज ७ चा अधिकृत सपोर्ट तेव्हा जानेवारी २०२० पर्यंत होता, तरीही.

लिनक्सवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. कर्नलनं (लिनक्सचा गाभा) ३८६ या जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट ३.८ मध्ये (२०१३) काढला, ते ठीकच होतं. पण वितरणं (रेड हॅट, डेबियनसारखे लिनक्सचे तयार संच) कर्नलच्या बरीच पुढे धावतात. रेड हॅट ९ ला 'एक्स८६-६४-व्ही२' पातळी लागते, म्हणजे पुन्हा एसएसई ४.२. रेड हॅट १० ला व्ही३ लागते, म्हणजे एव्हीएक्स२ या आणखी नव्या सूचना. इथे लोक फसतात. पेन्टियम गोल्ड जी५४०० हा २०१८ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे, पण त्यात एव्हीएक्सच नाही. त्यावर रेड हॅट १० चालणार नाही आणि डेबियन १३ आरामात चालेल. नुसतं साल बघून काही कळत नाही.

तपासायचं कसं: लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' चालवा आणि फ्लॅग्जच्या ओळीत ही नावं शोधा. विंडोजवर सीपीयू-झेड उघडून 'इन्स्ट्रक्शन्स'ची ओळ बघा. त्यात पॉपसीएनटी वेगळं दिसत नाही, पण इंटेलमध्ये एसएसई ४.२ असेल तर ते असतंच.

शाळेची_लॅब

माझा प्रश्न थेट आहे. २० डेस्कटॉप, सगळे सारखे: कोर २ ड्युओ ई७५००, जी३१ चिपसेट, २ जीबी डीडीआर२ (१ जीबीच्या दोन), १६० जीबी सॅटा हार्डडिस्क, ३२-बिट विंडोज ७. इंटरनेट, मराठी टायपिंग, लिब्रेऑफिस आणि थोडं पायथन एवढंच लागतं. दर मशीनला २०००-२५०० च्या वर खर्च नको. काय करता येईल?

कर्नलवाला

@शाळेची_लॅब, प्रश्न नेमका विचारलात, त्यामुळे उत्तरही नेमकं देता येईल.

पहिली गोष्ट, ई७५०० हा ६४-बिट प्रोसेसर आहे. विंडोज ७ ३२-बिट टाकलंय म्हणून मशीन ३२-बिटच आहे असा समज बऱ्याच लॅबमध्ये असतो. 'एलएससीपीयू' मध्ये "३२-बिट, ६४-बिट" दोन्ही दिसलं की ६४-बिट डेबियन १३ टाका. डेस्कटॉप (पडद्यावरचा खिडक्या-मेनूंचा भाग) हलका, म्हणजे एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. ग्नोम आणि केडीई नको. जी३१ मधलं ग्राफिक्स (जीएमए ३१००) मेसाच्या (लिनक्सचा ग्राफिक्स संच) जुन्या इंटेल ड्रायव्हरवर चालतं, पण ओपनजीएल या ग्राफिक्सच्या मानकाच्या २.१ च्या पुढे जात नाही. एक्सएफसीईमधला कंपोझिटरही (खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता दाखवणारा भाग) बंद करा, खिडक्या सरकवताना फरक लगेच कळतो.

खर्चाचा क्रम:

१. १२० किंवा २४० जीबीची सॅटा एसएसडी. सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. जी३१ बरोबर बहुधा आयसीएच७ साउथब्रिज (डिस्क, यूएसबी सांभाळणारी चिप) असतो आणि त्याच्या साध्या डेस्कटॉप आवृत्तीत एएचसीआय मोडच (डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) नाही. बायोसमध्ये तो पर्याय शोधत बसू नका, जुन्या आयडीई मोडमध्येच एसएसडी व्यवस्थित चालते. वेग सॅटा २ चा, म्हणजे सेकंदाला २५०-२८० एमबीच्या आसपास अडतो. त्यानं बिघडत नाही. हार्डडिस्कवर वेळ जातो तो डोकं इकडून तिकडे हलण्यात, आणि तो वेळच इथे वाचतो.

२. रॅम २ जीबीच्या दोन डीडीआर२-८००. जी३१ ची कमाल ४ जीबीच आहे, त्यापुढे पैसे घालू नका.

३. सीआर२०३२ सेल (बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारा). सगळ्या मशीनचे एकदमच बदला, पुढे कारण येईलच.

रॅम २ जीबीच ठेवावी लागली तर झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून जागा करणारी सोय) लावा. डेबियनमध्ये 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज टाकून 'ईटीसी/डीफॉल्ट' मधल्या 'झेडरॅमस्वॅप' फाइलीत अल्गोरिदम 'एलझेड४' आणि टक्केवारी ५० करा. झेडएसटीडी या दुसऱ्या अल्गोरिदमनं जास्त दाबलं जातं, पण कोर २ ला ते जड पडतं. स्वॅपिनेस (प्रणालीनं स्वॅपकडे किती लवकर वळायचं याचा आकडा) १०० ठेवा. मग सेवा पुन्हा सुरू करा. फायरफॉक्सचे सहा-सात टॅब उघडल्यावर मशीन गोठायचं ते थांबतं.

इन्स्टॉल करताना एक अडचण हमखास येते. जुन्या बायोसला पेनड्राइव्ह "रिमूव्हेबल"च्या यादीत दिसत नाही, तो "हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी"च्या आत दिसतो. पेनड्राइव्ह लावूनच मशीन सुरू करा, त्या यादीत त्याला वर आणा. इन्स्टॉल झाल्यावर यादी पुन्हा बघा, नाहीतर पेन काढल्यावर "बूट डिव्हाइस नाही" असं येतं आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करायला घेतो.

एका मशीनवर सगळं नीट लावून घ्या आणि क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या साधनानं बाकी १९ वर तीच प्रतिमा उतरवा. यजमाननाव (होस्टनेम) मात्र प्रत्येकावर बदला आणि 'ईटीसी/मशीन-आयडी' ही फाइल रिकामी करा, ती पुढच्या बूटला नव्यानं तयार होते. ती तशीच राहिली तर राउटरकडून दोन मशीनना एकच आयपी मिळण्याचे घोळ होतात.

देवनागरी_कळफलक

मराठीपुरतं सांगतो. 'फॉन्ट्स-लोहित-देव' आणि 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' ही पॅकेजं टाका. कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारत या गटात 'मराठी' म्हणून सुधारित इन्स्क्रिप्ट मिळतो, त्याला आयबस या वेगळ्या टायपिंग प्रोग्रामची गरज नाही आणि रॅमही खात नाही. फोनेटिक टायपिंगची सवय असेल तर त्याच यादीत मराठी 'कगप' आहे, नाहीतर आयबस आणि त्यासोबतचा एम१७एन हा कळफलक-संच. २ जीबी रॅमवर इन्स्क्रिप्टच शिकवा.

जुना_बोर्ड

रॅमबद्दल भर घालतो, कारण इथे दुकानात चुकीची रॅम गळ्यात पडते.

९४५ चिपसेटवर ४ जीबी लावली तरी साधारण ३.२ जीबीच दिसते. ६४-बिट प्रणाली टाकूनही ती वाढत नाही, कारण चिपसेटलाच ४ जीबीच्या वरचे पत्ते देता येत नाहीत.

जी४१ च्या डीडीआर३ बोर्डवर ४ जीबीची काडी घेताना तिच्यावरच्या चिपा मोजा. दोन्ही बाजू मिळून १६ चिपा हव्यात. ८ चिपांची काडी ४ गिगाबिट घनतेच्या चिपांची असते आणि जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतच कळतं. मग एकतर अर्धी रॅम दिसते किंवा पडदा काळाच राहतो. काडी खराब नसते, म्हणून दुकानदार ती दुसऱ्या मशीनवर चालवून दाखवतो आणि दोष बोर्डवर येतो.

बिट३२

खरोखर ३२-बिट मशीन असणाऱ्यांसाठी लिहितो: पेन्टियम एम, सुरुवातीचे कोर ड्युओ (कोर २ ड्युओ नव्हे), नेटबुकमधला अॅटम एन२७०. (एन४५० ६४-बिट आहे, तो यात धरू नका.)

डेबियन १३ (ऑगस्ट २०२५) मध्ये ३२-बिट इन्स्टॉलर नाही आणि ३२-बिट कर्नलही नाही. आय३८६ ची (३२-बिट) पॅकेजं उरली आहेत ती ६४-बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती. ३२-बिट डेबियन १२ वरून १३ वर अपग्रेड करू नका. डेबियन १२ ची दीर्घ मुदत ३० जून २०२८ पर्यंत आहे. त्यावर आधारलेलं अँटीएक्स २३ ५१२ एमबी रॅमवरही उठतं.

कर्नल आणि पॅकेजं २०२८ पर्यंत तरतील, पण ब्राउझर आधी जाणार. क्रोमनं ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सची १४४ ही ३२-बिट लिनक्ससाठी शेवटची नेहमीची आवृत्ती. त्यानंतर १४० ईएसआर (दीर्घ सपोर्टची आवृत्ती), तिला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील असं मोझिलानं जाहीर केलंय. त्यानंतर या मशीनवर बँकेचं काम करू नये. संगीत, टंकलेखन, सिरियल पोर्टवरची यंत्रं, घरचा छोटा फाइल सर्व्हर यासाठी ती पुढेही कामाची आहेत. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी अजून ३२-बिटवर चालतात.

दोन बारकावे. पेन्टियम एमच्या काही नगांमध्ये पीएई (४ जीबीच्या वरचे पत्ते देण्याची सोय) असतं, पण प्रोसेसर ते जाहीर करत नाही, त्यामुळे इन्स्टॉलर "पीएई नाही" म्हणून थांबतो. बूटच्या ओळीत 'फोर्सपीएई' जोडा. डेबियन १२ मध्ये पीएई नसलेलं वेगळं ६८६ कर्नलही आहे.

दुसरा वेळेचा. १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ नंतर ३२-बिटची सेकंदांची मोजणी उलटते. डेबियन १३ नं बाकी सगळ्या रचना ६४-बिट वेळेवर नेल्या, आय३८६ मात्र मुद्दाम जुन्यावर ठेवली, कारण तिथले जुने तयार प्रोग्राम मोडले असते. मला हा निर्णय योग्य वाटतो.

यूईएफआय_ओके

बे ट्रेल अॅटमचे (झेड३७३५ वगैरे) स्वस्त टॅब आणि मिनी लॅपटॉप यांचं दुखणं वेगळंच. प्रोसेसर ६४-बिट, पण यूईएफआय ३२-बिट. ६४-बिट पेनड्राइव्ह बूटच्या यादीत येतच नाही. पेनच्या 'ईएफआय/बूट' फोल्डरमध्ये 'बूटआयए३२' नावाची फाइल आहे का ते आधी बघा. नसेल तर तो पेन त्या मशीनवर कधीच उठणार नाही.

आता विंडोज ११. सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेलवर टीपीएम नसल्याचा संदेश आला तर बहुतेक वेळा टीपीएम असतो, फक्त बंद असतो. बायोसमध्ये इंटेलकडे 'पीटीटी', एएमडीकडे 'एफटीपीएम' या नावानं शोधा. मग क्रम असा:

आधी बिटलॉकर (डिस्कवरचं एन्क्रिप्शन) थांबवा आणि बॅकअप घ्या. प्रशासक म्हणून कमांड खिडकी उघडून 'एमबीआर२जीपीटी' हे डिस्कची जुनी रचना नव्यात बदलणारं साधन आधी 'व्हॅलिडेट' आणि 'अलाउफुलओएस' या पर्यायांनी चालवा, ते यशस्वी झालं की 'कन्व्हर्ट'नं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते नकार देतं. रूपांतर झाल्यावरच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद करून यूईएफआय लावा, आणि विंडोज एकदा उठल्याची खात्री झाल्यावर सिक्युअर बूट (सही तपासूनच बूट होऊ देणारी सोय) चालू करा. क्रम उलटा केला तर मशीनला बूट करायला काही सापडत नाही.

एवढं करूनही सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीतच. इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीची रायझन २००० पासून. रूफस या साधनानं पेन बनवताना तपासणी काढून टाकता येते आणि सहाव्या-सातव्या पिढीवर विंडोज ११ चालतंही. पण वार्षिक मोठं अपडेट आपोआप येत नाही, दरवेळी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) आणून हातानं करावं लागतं.

हिशेबनीस

@यूईएफआय_ओके, घरी ठीक, पण जीएसटीचं आणि पगाराचं काम चालतं त्या मशीनवर तपासणी चुकवून टाकलेलं विंडोज ११ ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. मोठं अपडेट हातानं करायचं राहून गेलं की त्या आवृत्तीची मुदत संपते आणि सुरक्षा अपडेट निमूट थांबतात. मशीन चालू दिसत राहतं.

त्यापेक्षा विंडोज १० चा वाढीव सुरक्षा कार्यक्रम, ईएसयू. घरगुती वापरासाठी तो १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मशीन विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर हवं आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो. सेटिंग्ज वनड्राइव्हवर सिंक केली तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड गुण किंवा ३० डॉलर. संस्थांसाठी तीन वर्षं मिळतात, पण पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. शाळांसाठी मात्र पहिल्या वर्षी १, मग २, मग ४ डॉलर. @शाळेची_लॅब, तुमच्याकडे विंडोज १० ची मशीनं असतील तर हे जरूर विचारा.

यूईएफआय_ओके

हिशेबाच्या मशीनबद्दल तुमचं म्हणणं मान्य.

सिक्युअर बूटचं आणखी एक लक्षात ठेवा. २०११ ची मायक्रोसॉफ्ट सर्टिफिकेटं जून २०२६ पासून मुदतबाह्य होतात, विंडोजच्या बूट मॅनेजरचं ऑक्टोबर २०२६ मध्ये. घाबरू नका, त्या तारखेला मशीन बंद पडत नाही. पण २०२३ ची नवी सर्टिफिकेटं बोर्डात गेली नसतील तर बूटच्या भागाची पुढची सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, आणि फक्त नव्या सहीनं आलेला लिनक्सचा शिम (बूटचा पहिला छोटा प्रोग्राम) त्या बोर्डवर उठणार नाही. जुन्या बोर्डांची अडचण अशी की यातली 'केईके' किल्ली बदलायला बोर्ड बनवणाऱ्याची सही लागते, आणि दहा वर्षांच्या बोर्डाला ती मिळेलच असं नाही. नव्या बायोसची शक्यता आधी बघा. नसेल तर लिनक्सच्या मशीनवर सिक्युअर बूट बंद करणं हा साधा मार्ग आहे.

पंखा_घरघर

ग्राफिक्स आणि वाय-फाय राहिलं. एनव्हीडियाच्या जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हर शाखा लागतात: जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिकेला ३४०, फर्मी पिढीला ३९०, केप्लर पिढीला ४७०. तिन्ही शाखा एनव्हीडियानं थांबवल्या आहेत. मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची. कर्नलचं अपडेट आल्यावर थांबलेल्या शाखांचं मॉड्यूल बांधलं जात नाही आणि पुढच्या बूटला काळा पडदा येतो. ग्रबमध्ये (बूटच्या सुरुवातीची यादी) 'अॅडव्हान्स्ड' मधून जुन्या कर्नलनं उठवा, एनव्हीडियाची सगळी पॅकेजं 'पर्ज' करा (सेटिंगसकट काढा), 'ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये नूव्होला (एनव्हीडिया कार्डांचा खुला ड्रायव्हर) अडवणारी फाइल उरली असेल तर काढा, इनिटरॅमएफएस (बूटला आधी लागणारी फाइल) पुन्हा बांधा. ती अडवणारी फाइल राहून जाते म्हणून "नूव्हो चालत नाही" असं लोक म्हणतात.

ब्रॉडकॉमच्या ४३११, ४३१२ वाय-फायला बी४३ ड्रायव्हरचं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) लागतं, आणि त्याचं पॅकेज ते इंटरनेटवरूनच उतरवतं. फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा, तेवढ्यात काम होतं.

छापखाना

पॅरलल पोर्टवरच्या डाँगलवर (परवान्याची चावी) चालणाऱ्या जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचं काय करावं? मशीन एक्सपीवर आहे, जुन्या फॉन्टमधल्या फायली अजून लागतात.

जुना_बोर्ड

@छापखाना, ते मशीन हलवू नका, जपा. ६४-बिट विंडोजवर १६-बिट इन्स्टॉलर चालत नाहीत, ३२-बिट कर्नल ड्रायव्हर चालत नाही, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. यूएसबी-ते-पॅरलल केबलचा उपयोग होत नाही. ती प्रिंटरपुरतीच असते, डाँगलला पोर्टच्या पिनांवर थेट ताबा लागतो.

नेटवर्कची केबल काढून ठेवा. डिस्कची पूर्ण प्रतिमा आजच घ्या, 'डीडीरेस्क्यू'नं, दुसऱ्या डिस्कवर. बोर्ड २००२ ते २००७ मधला असेल तर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी डाग असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचे, १०५ अंशांचे लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) टाकून घ्या. साधे टाकले तर काही महिन्यांत पुन्हा फुगतात. आणि नवं काम युनिकोडमध्येच करा. जुन्या मशीनवर फक्त जुन्या फायली उघडून पीडीएफ काढा.

शाळेची_लॅब

कर्नलवाला आणि सगळ्यांचे मनापासून आभार, वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन गोष्टी राहिल्या. लॅबमध्ये एचपी १०२० प्रिंटर आहे. आणि सीआर२०३२ चं कारण?

कर्नलवाला

एचपी १०२० मध्ये स्वतःचं फर्मवेअर साठत नाही, दरवेळी चालू केल्यावर संगणक ते पाठवतो. 'एचपीलिप' (एचपीचे लिनक्स ड्रायव्हर) टाकून 'एचपी-प्लगइन' चालवा. एचपीलिपचं अपडेट आलं की प्लगइनही त्याच आवृत्तीचं पुन्हा घ्यावं लागतं. नाहीतर काम रांगेतून "पूर्ण" होतं आणि कागद बाहेर येत नाही.

सेल उतरला की वीज गेल्यावर घड्याळ बोर्डाच्या मूळ तारखेवर जातं, २००८ किंवा २००९. मग ब्राउझरला प्रत्येक सर्टिफिकेट "अजून सुरूच झालेलं नाही" असं दिसतं, कुठलीच साइट उघडत नाही, आणि 'एपीटी' हे डेबियनचं पॅकेज साधनही अपडेट नाकारतं. २० मशीनवर हे झालं की सगळे इंटरनेटवाल्याला फोन करतात. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो. मीटरवर २.७ च्या खाली असेल तर बदला. बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख आणि बूटचा क्रम दोन्ही परत लावा, कारण सेल काढला की बूटचा क्रमही पुसला जातो.